उष्टा सूर

१

दुपारची जोहरची नमाज आणि जेवण आटोपलं, की आतार सर मागच्या खोलीत येऊन बसत. कानातली यंत्रं काढून डबीत ठेवायची, नातवाने आणून दिलेला मोठा हेडफोन चढवायचा, लॅपटॉपचा आवाज वाढवायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. गेले काही आठवडे हा त्यांचा नेमच झाला होता. बारामतीतली ती गल्ली दुपारी तशी शांत असते. एखादी रिक्षा गेलीच, तरी हेडफोनमधून ती त्यांना ऐकू येत नसे.

हे काम त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. सिकंदर मूळचा कळंबचा. पन्नाशीला आलेला, पण इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवतो की पुण्यामुंबईची रॉक ऐकणारी पोरं त्याचे व्हिडिओ मागेपुढे करून बघत बसतात. त्याची सुरुवातीपासूनची सगळी ध्वनिमुद्रणं आता एकत्र निघायची होती. अगदी वरातीतल्या कॅसेटींपासून. त्यांच्याबरोबर छापायला एक मोठा लेख हवा होता: कुठून सुरुवात झाली, कोणाकोणाबरोबर वाजवलं, हात कसा तयार झाला. आणि नव्या संचात दुसरी गिटार वाजवायला सिकंदरने निवडलं होतं दानिशला, आतार सरांच्या नातवाला. "माझे दादा ध्वनिशास्त्रातले डॉक्टर आहेत," असं दानिश सहज बोलून गेला, आणि लेख सरांच्या गळ्यात पडला.

सरांना रॉकमधलं काही कळत नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं. पण दानिशचं वाजवणं त्यांना कळायचं. आईवडील शारजाला, म्हणून हा लहानपणापासून आजीआजोबांजवळ वाढला. तार ओढून सूर वर न्यायचा असेल, तर दानिश तो गाठायच्या आधी केसभर खाली थांबायचा. ऐकणाऱ्याचा जीव वर आला, की मगच पोचायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दुडुदुडु चालायचा तेव्हा गुणगुणायचाही तसाच. त्यामुळे सिकंदरने त्याला निवडलं तेव्हा सरांना वाटलं होतं, चला, पोराचं काहीतरी झालं.

पहिल्यांदा तो आवाज आला एका वरातीच्या कॅसेटमध्ये. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं. मधल्या जागेत, कानाच्या अगदी जवळ, काहीतरी ओलं वाजलं. चिकटलेली जीभ टाळूपासून सुटावी तसं. आणि पाठोपाठ गिळल्याचा आवाज.

मायक्रोफोनजवळ कोणीतरी पान खात असणार, असं म्हणून त्यांनी पुढचं लावलं. पुढच्या कॅसेटमध्येही तो होता. इंदापूरच्या ऑर्केस्ट्राच्या मुद्रणात होता. शेवटी त्यांनी मागच्या वर्षीचं, पुण्याच्या स्टुडिओतलं मुद्रण लावलं. तिथेही, दोन सुरांच्या फटीत, तीच जीभ.

इथे मात्र त्यांचं शास्त्र अडून बसलं. स्टुडिओत त्या गिटारची वायर थेट यंत्रात जाते, समोर मायक्रोफोन नसतो. त्या खोलीत कोणी शिंकलं, ओरडलं, तरी मुद्रणात उमटणार नाही. तार लोहचुंबकासमोर हलते, तेवढंच काय ते यंत्राला कळतं. फळ्यावर ही आकृती त्यांनी इतक्या वेळा काढली होती की झोपेतही काढली असती. मग तो आवाज झाला असेल तर तारेवरच झाला असला पाहिजे.

त्यांनी हेडफोन काढला. कानावरच्या गाद्या घामाने ओलसर झाल्या होत्या. त्या ओलीला बोट लागलं आणि त्यांना शिसारी आली. त्यांनी उठून साबणाने हात धुतले आणि कानातली यंत्रं परत घातली.

"काय हो, लेख झाला का?" त्यांच्या बायकोने, वहिदाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोणीतरी तोंडाचे आवाज करतंय त्यात. मचमच."

"तुमची कवळी असंल."

ती चेष्टा करत होती, पण सरांना ते पटलं. वयाच्या पंचाहत्तरीनंतर माणसाने आधी स्वतःवर संशय घ्यावा, असं त्यांचं मत होतं. त्यांनी कवळी काढून भांड्यात ठेवली, जीभ दातांनी नव्हे तर हिरड्यांनी दाबून धरली आणि तोच तुकडा पुन्हा लावला.

आवाज होता. उलट आता जास्त स्पष्ट होता, जणू वाजवणाऱ्याने जरा जवळ येऊन तोंड उघडलं होतं.

२

सिकंदरचा पहिला वस्ताद पणदऱ्याचा, कुंडलिक. त्याची बेंजो पार्टी एके काळी तालुक्यात गाजलेली. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. सिकंदर तरुणपणी याच पार्टीत गिटार घेऊन लागला होता. लेखासाठी त्याला भेटणं भागच होतं. सर सकाळच्या एसटीने गेले.

कुंडलिक गोठ्यात होता. धार काढून झालेली. त्याने लुंगीला हात पुसले, सरांना खाट दिली आणि स्वतः पालथ्या बादलीवर बसला.

"बेंजो व्हय? हाय की माळ्यावर. पर म्या वाजवायचंच इसारलो, सर."

"असं कसं विसरलात? हाताला सवय असते."

"तेच की. बटनं दिसत्यात, बोटं जागच्या जागी बसत्यात. पर आतून काय येतच न्हाय. म्हशीचं दूध आटतंय बघा, तसं."

सरांनी मोबाइलवर जुनी वरात लावली. त्यात बेंजो एकदम वेगाने खाली घसरायचा आणि ऐन शेवटी अडखळल्यासारखा होऊन सावरायचा. लंगड्या माणसाने उडी मारावी तसं. कुंडलिक मान डोलावत ऐकत राहिला.

"कोण वाजवतंय हे? ग्वाड वाजवतंय."

"तुम्हीच."

तो हसला. सरांनी थट्टा केली, असं समजून.

त्याची बायको प्रयागबाई चहा घेऊन आली. "त्यांला काय इचारताय, मला इचारा. आवं, पार्टीत नवा गडी आला की वस्ताद गुळाचा खडा दातानं फोडायचा आन् अर्धा त्याच्या तोंडात घालायचा. उष्टा. मग तो पार्टीचा झाला. समद्यांला एकदाच. ह्या सिकंदराला रोज पायजे."

"रोज?"

"वस्तादाचं उष्टं खाल्लं की हात चालतोय म्हणायचा. ह्यांचं ताट मला कदी घासाय लागलं न्हाय बघा. बसायचा आन् चाटून लख्ख करायचा. म्या म्हणायची, लई गुणाचं पोरगं." ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "मंग पुढं पुढं मलाच मळमळायला लागलं. ह्यांनी चूळ भरून टाकलेली जागा बी बघत बसायचा."

"गप की," कुंडलिक म्हणाला.

"का गप? बोटांचं सांगा की त्यांला."

कुंडलिकने डावा हात मांडीखाली घेतला होता. तो त्याने सावकाश बाहेर काढला. पाणी लागून बुळबुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी बोटांची टोकं. रेषा नाहीत, ठसे नाहीत, नखंसुद्धा पातळ आणि मऊ.

"लांबच्या वरातीत बोटं सोलायची, सर. हा म्हणायचा, आना हिकडं, थुकीनं जळजळ थांबती." त्याने बोटांकडे पाहिलं. "थांबायची बी. काय सांगू तुमाला. बरं वाटायचं."

बोलताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ जमली. ती पुसायचं त्याला भान नव्हतं. कसलीतरी जुनी गोड आठवण यावी तसे त्याचे डोळे अर्धवट मिटले होते. सरांनी नजर वळवून कप तोंडाला लावला. चहावरची साय ओठाला चिकटली, ओली आणि जिवंत असल्यासारखी, आणि घोट घशात उतरेना. खाटेआड मान वळवून त्यांनी तो शेणात थुंकला. प्रयागबाईने ते पाहिलं.

३

त्या आठवड्यात सरांनी सगळी मुद्रणं तारीखवार लावून ऐकली. पणदऱ्याची वर्षं संपतात, आणि कुंडलिकची ती लंगडी उडी सिकंदरच्या गिटारमध्ये येते. तशीच नाही, तीच. अडखळण्याची जागाही तीच. त्यानंतर सिकंदर इंदापूरच्या ऑर्केस्ट्रात गेला. तिथे युवराज नावाचा ट्रंपेटवाला होता. सरांनी नंबर मिळवून फोन केला. युवराजच्या मुलीने उचलला. बाबा आता वाजवत नाहीत म्हणाली. बोलतही फारसं नाहीत, दम पुरत नाही. सिकंदरकाका मात्र अजून येतात, बाबांना आपल्या हाताने भरवतात, उरलेलं आपण खातात. खूप माया आहे त्यांची.

ऑर्केस्ट्रानंतरच्या मुद्रणांत गिटार श्वास घ्यायला लागली होती. गिटारला श्वासाची गरज नसते, ती हवा तितका वेळ वाजत राहू शकते. पण सिकंदरची ओळ ठरावीक जागी तुटायची. छातीतली हवा संपलेल्या माणसाची तुटेल तिथे. आणि त्या तुटलेल्या जागी, शांततेत, जीभ.

सरांनी स्वतःशी वाद घातला. प्रत्येक कलावंत दुसऱ्याचं घेतच असतो. आपणही आपल्या गुरूंसारखंच खडू धरून शिकवायचो. म्हातारपणी माणसं वाजवायची थांबतात, बोटं मऊ पडतात, ह्यात अघटित काय आहे? आणि आपले कान. ऐकण्याच्या यंत्रावर जगणाऱ्या माणसाने कोणाच्या तोंडाचे आवाज ऐकावेत आणि त्यावर विश्वास ठेवावा?

तरी रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढलाच.

"दानिश, तू त्याच्याबरोबर वाजवू नकोस."

"का?"

"त्याच्याबरोबर वाजवलेली माणसं पुन्हा वाजवत नाहीत."

"दादा, त्याच्याबरोबर वाजवल्यावर कोणाला स्वतःचं ऐकवेल?" दानिश हसला. "आणि तुमचं कानाचं मशीन एकदा दाखवून आणू या. मी येतो बरोबर."

"मशीन नाही रे. तो... तो घाण आहे."

शब्द तोंडातून गेला. वहिदाने भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"शुक्रवारी जेवायला येतोय तो आपल्याकडे," ती म्हणाली. "मी बोलावलंय. तुमचं डोकं तोवर थाऱ्यावर आणा."

४

शुक्रवारी सकाळीच सरांनी वहिदाला सांगून ठेवलं: वेगवेगळी ताटं मांड. आतारांच्या घरी पुरुष एका मोठ्या ताटाभोवती बसून जेवतात, पाहुणा असो की घरचा. वहिदा आधी ऐकेना. पाहुण्याला वेगळं ताट देणं म्हणजे ऊठ म्हणण्यासारखंच आहे, म्हणाली. पण सरांचा चेहरा बघून तिने कपाटातून तीन ताटं काढली.

जुम्म्याची नमाज झाल्यावर सिकंदर आला. साधा माणूस. पांढरा शर्ट, पायात चपला, आवाज मवाळ. सरांचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. दानिशच्या डाव्या हाताची बोटं तारा दाबून दाबून शिंगासारखी टणक झाली होती. गिटार वाजवणाऱ्या कोणाचीही होतात. सिकंदरची बोटं पापण्यांसारखी मऊ होती. त्या बोटांनी आयुष्यात कधी तार दाबलेली नव्हती.

जेवायला बसताना त्याने मांडलेल्या ताटांकडे पाहिलं आणि तो उभाच राहिला.

"चाची, माझं काय चुकलं का?"

"नाही रे बाळा," वहिदा म्हणाली आणि सरांकडे बघायला लागली.

"न्हाय, आमच्या कळंबला एकच ताट असतंय. आब्बा गेल्यापासनं मी असा कुणासंगं बसलोच न्हाय." तो खाली बघत होता. "चालंल, चालंल. वायलं बी चालंल."

दानिशची मान लाजेने खाली गेली होती. सरांना आपल्या शिक्षणाची, आपल्या वयाची, या घराची रीत मोडल्याची एकाच वेळी शरम वाटली. एका माणसाला त्याच्या तोंडावर घाण ठरवायचं, तेही कशावरून, तर आपल्या बहिऱ्या कानांवरून.

"मोठं ताट आणा," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्याच तोंडून गेलं.

निदान मधे आपण बसावं, असं त्यांनी योजलं. पण गोल ताटाभोवती तिघं बसले की प्रत्येक जण दुसऱ्या दोघांच्या शेजारीच असतो, हे त्यांना बसल्यावर कळलं. भाताचा ढीग, त्यावर डाळीचा दालचा, मटणाचे तुकडे. सिकंदर घाई करत नव्हता. दानिश घास उचलायचा, त्याच्या बोटांनी भातात खळगा पडायचा, आणि तो हात तोंडाकडे गेला की सिकंदरची मऊ बोटं हळूच त्या खळग्यात उतरायची. समोर अख्खा भात पडलेला असताना. त्याच खळग्यातून तो खायचा, डोळे मिटून चव घ्यायचा आणि पुढच्या घासाची वाट बघायचा. दालच्याचं तूप ताटाच्या कडेला गोठायला लागलं होतं. त्यात तिघांच्या बोटांच्या वाटा दिसत होत्या, आणि सिकंदरची वाट नेहमी दानिशच्या वाटेच्या आत.

सरांनी खाणं केव्हाच थांबवलं होतं.

शारजाहून फोन आला. अर्धा चावलेला मटणाचा तुकडा ताटात ठेवून दानिश बाहेर गेला. त्यावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या, थोडी लाळ चमकत होती. सिकंदरने तो दोन बोटांनी अलगद उचलला आणि तोंड उघडलं.

खिडकीतून दुपारचं ऊन थेट समोर पडत होतं. सरांनी त्याची जीभ पाहिली. ती गुलाबी नव्हती. घट्ट्यासारखी पिवळट, राठ, आणि तिच्यावर शेजारी शेजारी आडव्या खाचा होत्या. तारा दाबून बोटांवर पडतात तशा. खाचांच्या तळाशी लोखंडाचा काळेपणा.

तोंड मिटलं.

"अन्न टाकू नये, सर," सिकंदर म्हणाला आणि ताट पुसायला लागला.

५

जेवणानंतर दानिश आणि सिकंदर मागच्या खोलीत गेले. वहिदा सुपारी कातरत बसली. सर बाथरूममध्ये गेले. त्यांनी चूळ भरली, कवळी घासली, पुन्हा चूळ भरली.

ऊन समोरून पडलं होतं, डोळ्यांवर तिरीप आली असेल. जिभेला भेगा असतात काही लोकांच्या, डॉक्टर त्याला नावही देतात. अशी वाक्यं त्यांच्या डोक्यात आपोआप तयार होत होती, व्यवस्थित, कर्ता-कर्म-क्रियापदासह. एकाही वाक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आता वाद घालायचा नाही, त्यांनी ठरवलं. आत जायचं, दानिशचा हात धरायचा आणि त्याला बाहेर आणायचं. तो चिडेल, कायमचा बोलणार नाही, काम हातचं जाईल. जाऊ दे. उद्या वहिदाच्या समोर बसून हा मुलगा स्वतःचं वाजवू तरी शकेल.

ते बोळातून निघाले. तेव्हा संगीत सुरू झालं होतं.

ते दानिशचं होतं. तार वर चढत होती, सुराच्या केसभर खाली थांबत होती. पण दानिश थांबायचा त्यापेक्षा जास्त वेळ थांबत होती, इतका वेळ की बोळातल्या भिंतीला सरांना हात टेकावा लागला. मग ती पोचली. इतकं सुंदर त्यांनी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. दानिशकडूनही नाही.

दार अर्धवट उघडं होतं. फटीतून दिसली ती आधी दानिशची गिटार, भिंतीला टेकून ठेवलेली. मग सिकंदरची पाठ. तो खुर्चीत पुढे वाकला होता, इतका की डोकं दिसत नव्हतं, नुसती मानेची मागची बाजू, घामाने चमकणारी, आणि ती हलत होती. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. संगीत चालू होतं.

सरांनी दार ढकललं.

सिकंदर सावकाश सरळ झाला. सूर थांबला. त्याने बाहीने हनुवटी पुसली, मांडीवरची गिटार नीट केली आणि मग, घाई न करता, ती मऊ बोटं तारांवर ठेवली.

दानिश समोरच्या खाटेवर बसला होता. दूध पिऊन झोपेला आलेल्या पोराचा असतो तसा त्याचा चेहरा होता. डावा हात मांडीवर उताणा, बोटांची टोकं ओली.

"दादा," तो म्हणाला, "ऐकलंत?"

खोलीत आंबूस वास होता, दुपारी उघड्या राहिलेल्या खरकट्याचा. दोनच पावलं होती. मनगट धरायचं आणि ओढायचं.

"बंद करू का, सर?" सिकंदरने अगदी मायेने विचारलं. "तुमी म्हणाल तसं. तुमच्या घरात हाय मी."

सर बोलायला गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की तोंडात पाणी सुटलंय. जिभेखालून, गालांतून, कवळीच्या कडेने येतंय, थांबत नाहीये. बोलायचं तर ते आधी थुंकायला हवं होतं. पाहुण्यासमोर, घरात, कुठे थुंकणार? त्या न संपलेल्या सुराने त्यांच्या पोटात भुकेसारखा खड्डा पाडला होता. त्यांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

त्यांनी ते गिळलं.

"नको," ते म्हणाले, आणि दार मागे लावून खुर्ची ओढून घेतली. "मघाचंच पुन्हा घ्या."

दानिशने न सांगता हात पुढे केला.